रबाळ्याच्या गाळ्यात घडवलेला कार्व्हिंग बोर्ड

माझ्या स्नोबोर्डच्या बुटाची बाहेरून मोजलेली लांबी 31 सें.मी. आहे. बोर्डाचा सगळा आराखडा या एका आकड्यातून निघायला हवा होता. मला ते कळलं, पण पहिला बोर्ड पूर्ण बनवून, विमानाने श्रीनगरला नेऊन, गुलमर्गमधल्या कोंगडोरीच्या उतारावर टाचेच्या बाजूला दोनदा आपटल्यावर.

मी ठाण्यात राहतो. बाबांचा रबाळे एमआयडीसीत फायबरचा गाळा आहे. टाक्यांची झाकणं, बसचे पॅनेल, पत्रे अशी कामं तिथे चालतात. गुलमर्गला पहिल्यांदा गेलो तो सहल म्हणून. पुढे दर हिवाळ्यात दहा दिवसांची रजा त्यासाठीच राखून ठेवू लागलो. तिथे येणारे बहुतेक जण अफरवट डोंगरावरच्या मोकळ्या, भुसभुशीत बर्फासाठी येतात. मला ओढ लागली ती सकाळच्या दाबलेल्या, कडक बर्फावरच्या कार्व्हिंगची. बोर्ड कडेवर उभा करायचा आणि जराही फरपटू न देता त्या कडेच्याच कमानीवरून वळायचं. जमलं तर मागे पेन्सिलच्या रेघेएवढी खाच उरते, नाही जमलं तर खराट्याने झाडल्यासारखा पट्टा. मागे वळून बघितलं की आपण काय केलं ते बर्फावर लिहिलेलं असतं, आणि मला या खेळातलं हेच सगळ्यात आवडतं.

कार्व्हिंगचं नाव काढलं की जाणकार लगेच हार्ड बूट सुचवतात. ऑलिंपिकमध्ये 2002 पासून स्नोबोर्डची समांतर जायंट स्लॅलम शर्यत होते. त्या शर्यतीतले खेळाडू प्लास्टिकच्या कडक कवचाचे बूट घालतात आणि पाय बोर्डावर 55 ते 65 अंशांत, जवळजवळ समोर तोंड करून बांधतात. पाय इतका तिरका असल्यामुळे 18–20 सें.मी. रुंदीच्या बोर्डातही बूट मावतो. घोटा कवचात जखडलेला असतो, म्हणून गुडघा जरा कलला की सगळा जोर थेट कडेवर जातो. सॉफ्ट बुटात यातलं काहीच नाही. घोटा चारही दिशांना हलतो, पाय कमी तिरका असतो, जोर पट्ट्यांतून आणि पोटरीमागच्या टेकूमधून, म्हणजे हायबॅकमधून, वाट काढत कडेपर्यंत पोचतो. तरीही मला सॉफ्ट बूटच हवे होते. गुलमर्गला बोर्ड खांद्यावर घेऊन बरंच चालावं लागतं हे एक कारण. खरं कारण असं, की बर्फ मला घोट्यातून कळतो. घोटा जखडला की तो कळणंच बंद होतं. जपान आणि कोरियात सॉफ्ट बुटावर कार्व्हिंग करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे, पुढून हातोड्यासारखे सपाट तोंडाचे बोर्ड निघतात, हे माहीत होतं. पण हाताशी फायबरचा गाळा असताना तसा बोर्ड विकत घेण्यापेक्षा तो करून बघावा असं मनाने घेतलं.

पहिल्या वेळी माझा हिशेब सरळ होता. शर्यतीचे बोर्ड कडक बर्फावर उत्तम चालतात, तर गुण त्यांचेच घ्यायचे आणि रुंदी तेवढी वाढवायची. लांबी 168 सें.मी., कंबर, म्हणजे मधली सगळ्यात अरुंद जागा, 252 मि.मी. साइडकट म्हणजे कडेची आत वळलेली कमान; तिची त्रिज्या 13 मीटर, दोन्ही कडांना सारखी. गाभा मध्यभागी 8.5 मि.मी. जाड. वर-खाली टायटॅनलचे अखंड पत्रे. टायटॅनल हा अ‍ॅल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू. तो थरथर शोषतो आणि बोर्डाला पिळू देत नाही. त्या वेळी मला हे दोन्ही गुणच वाटत होते.

कोंगडोरीला गोंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा संपतो. जानेवारीची सकाळ, कडक बर्फ, उतार जवळजवळ रिकामा. बोटांकडच्या कडेवर पहिलं वळण घेतलं तेव्हा बोर्ड रुळावर असल्यासारखा गेला. मग टाचेकडे वळलो. बोर्ड कलायला लागला, आणखी कलला, आणि एका क्षणी टाचेने बर्फाला धक्का दिला. कड उचलली गेली आणि मी पाठीवर. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम कमी कललो, तर बूट टेकला नाही पण कड थडथडत सुटली आणि वळण इतकं मोठं झालं की उताराची रुंदीच संपली.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बोर्ड पलंगावर टाकला आणि मोजपट्टी काढली. माझा मागचा पाय 21 अंशांत असतो. त्या कोनात बूट बोर्डाच्या आडव्या दिशेला किती जागा घेतो? नुसत्या गणिताने 31 गुणिले कोसाइन 21, म्हणजे 28.9 सें.मी. पण बुटाला रुंदीही असते, त्याचे कोपरे बाहेर येतात. कागदावर बूट ठेवून रेघ मारली तेव्हा 30 सें.मी. भरले. बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या पकडीच्या, जागी बोर्ड कंबरेपेक्षा थोडा रुंद असतो, माझा तिथे 258 मि.मी. होता. म्हणजे बूट दोन्ही बाजूंना 21–21 मि.मी. बाहेर. त्या टोकापाशी तळव्याची बोर्डाच्या तळापासूनची उंची 40 मि.मी. यावरून बोर्ड किती कलल्यावर बूट टेकेल ते काढता येतं. उत्तर आलं 62 अंश. मला वाटलं, मग तर पुष्कळ जागा आहे! पण कड बर्फात रुतते हे मी धरलंच नव्हतं. ती 1 सें.मी. रुतली असं धरून गणित पुन्हा केलं तर 50 अंश. नेमका तिथेच मी पडत होतो.

मोठ्या वळणाचं कारणही त्याच गणितात सापडलं. कललेल्या बोर्डाच्या वळणाची त्रिज्या साधारणपणे साइडकटची त्रिज्या गुणिले त्या कोनाचा कोसाइन इतकी येते. 13 मीटरचा बोर्ड 50 अंशांत 8.4 मीटरचं वळण घेणार, म्हणजे अर्धवर्तुळाला जवळजवळ 17 मीटर रुंद जागा. हार्ड बूटवाला तोच बोर्ड आणखी झोपवून वळण आवळतो. माझा बूट मला झोपू देत नव्हता आणि कमी झोपून भागेल अशी त्रिज्या मी दिली नव्हती.

ठाण्याला परतल्यावर पहिल्यांदा बुटाचं पूर्ण चित्र ब्राउन पेपरवर काढलं, दोन्ही पायांच्या कोनांसकट, आणि बोर्ड त्याच्याभोवती आखायला घेतला. बाइंडिंगपाशी 274 मि.मी. रुंदी ठेवली तर बूट 13–13 मि.मी. बाहेर राहतो, आणि कड रुतण्याचा हिशेब धरूनही 58 अंशांपर्यंत वाट मोकळी होते. मग 290 का नको, बूट पूर्ण आत का नको? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. रुंद बोर्ड कडेवर उभा करायला घोट्याला जास्त जोर लागतो, कारण कड पायापासून लांब जाते. हार्ड बुटात तो जोर कवच देतं. सॉफ्ट बुटात तो पोटरीच्या स्नायूंनी द्यायचा असतो आणि दुपारपर्यंत पोटऱ्या दगड होतात. बोटं आणि टाच कडेच्या किंचित बाहेर असली तर शरीराचं वजनच कडेवर पडतं. शेवटी कंबर 267 ठरवली. त्याबरोबर बाइंडिंगखाली 8 मि.मी.च्या पट्ट्या देऊन उंची वाढवायचा विचारही होता, पण तो मी सोडला. उंची वाढवली की पायाला बर्फ कमी कळतो, आणि सॉफ्ट बूट मी त्यासाठीच तर धरून बसलो होतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पिळावर. बोर्ड वाकतो तसा तो पिळवटतोही. पुढचा पाय बोटांकडे दाबला आणि मागचा तटस्थ ठेवला तर पुढचा भाग आधी कडेवर जातो, मागचा त्याच्यामागून येतो. सॉफ्ट बुटावर वळणाची सुरुवात अशीच होते. घोटा मोकळा असतो तो याच कामासाठी. अखंड टायटॅनल घालून मी तीच वाट बंद केली होती. बोर्ड एकतर सगळा कलायचा, नाहीतर कलायचाच नाही. पिळ मोजायला एक साधी जुगाड केली. मागच्या बाइंडिंगच्या जागी बोर्ड टेबलाला शिकंजात धरला, पुढच्या जागी आडवा लोखंडी बार बोल्टने बसवला आणि बारवर मध्यापासून अर्ध्या मीटरवर 5 किलोचं वजन टांगलं. पहिला बोर्ड साडेतीन अंश फिरला. भाड्याने मिळणारा एक साधा मऊ बोर्ड मित्राकडून आणून मोजला, तो नऊ अंश. मला सहाच्या आसपास हवं होतं. मऊ बोर्डाचा पिळ वेगात कडेला साथ देत नाही, हे त्या भाड्याच्या बोर्डांवर मी पुरेसं अनुभवलं होतं.

पिळ मुख्यतः 45 अंशांत आडव्या-तिडव्या जाणाऱ्या काचतंतूंवर ठरतो आणि लांबीचा वाक सरळ तंतूंवर. म्हणून दुसऱ्या बोर्डात खालच्या बाजूला तिन्ही दिशांचं कापड ठेवलं आणि वरच्या बाजूला सरळ तंतूंचं प्रमाण वाढवलं. टायटॅनल फक्त वर, तोही दोन तुकड्यांत: एक पुढच्या बाइंडिंगपासून नाकाकडे, एक मागच्यापासून शेपटाकडे. दोन पायांच्या मधली जागा मोकळी. पत्र्याची कड सरळ कापून थांबवली असती तर तिथे ताण साचून बोर्ड नेमका त्या रेषेवर मोडला असता, म्हणून टोकं करवतीच्या लांब दातांसारखी कापली. गाभा 8.5 वरून 7.6 वर आणला. बोर्ड हे सँडविच असतं. त्याचा ताठपणा गाभ्याच्या जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो, त्यामुळे एक मिलिमीटरहून कमी छाटूनही तो सुमारे वीस टक्क्यांनी उतरतो.

दोन्ही कडा सारख्या ठेवायच्या नाहीत हेही ठरलं. बोटांकडे घोटा वाकून बारीक-बारीक दुरुस्ती करता येते. टाचेकडे आपण हायबॅकला टेकून बसतो आणि पाऊल आणखी वर उचलायला जागाच उरत नाही. टाचेची कड वळण स्वतःहून पूर्ण करील अशी हवी. बोटांकडे 10.5 मीटर, टाचेकडे 9.5 मीटर त्रिज्या धरली. बर्फाला टेकणाऱ्या 128 सें.मी.च्या कडेवर हा एक मीटरचा फरक म्हणजे साइडकटच्या खोलीत फक्त 2 मि.मी., एकीकडे 19.5 आणि दुसरीकडे 21.6. कागदावर डोळ्याला तो दिसतही नाही.

गाभ्याचं लाकूड पॉप्लर. ते यमुनानगरकडच्या प्लायवूडच्या लाकडातलं, उत्तर भारतात शेताच्या बांधावर वाढणारं. आमच्या गाळ्याशेजारी कुडाळकडचे एक सुतारकाका आहेत. त्यांनी पट्टी हातात घेऊन नखाने दाबली आणि म्हणाले, "ह्यां लाकूड नाय, कापूस आसा." हलकेपणासाठी मला कापूसच हवा होता, पण कडेखाली आणि बाइंडिंगचे स्क्रू धरणारे इन्सर्ट बसतात तिथे नको होता. त्यावर काकांनीच तोड सुचवली: माणगा बांबू. तो जवळजवळ भरीव असतो. गावाहून येताना त्यांनी सात-आठ काठ्या आणल्या, चिरून, रंधा मारून पट्ट्या केल्या, आणि पॉप्लरच्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी बांबू चिकटवला. इन्सर्टखालीही बांबूच. ती ठोकळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या सामानाच्या डब्यातून तुर्भ्याला नेली. फर्निचरची कामं करणाऱ्या एका सीएनसीवाल्याने दोन्ही टोकांना 2 मि.मी.पर्यंत उतरती जाडी काढून दिली.

इथे पहिल्या बोर्डाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या हवेची आहे. पहिला बोर्ड मी जुलैत दाबला होता. बाबांनी सांगितलं होतं, "पाऊस संपू दे, लाकूड पाणी पितं." मी थांबलो नाही. तेव्हा गाभ्यात सोळा टक्के ओल होती. थर चिकटवणाऱ्या इपॉक्सी रेझिनवर दमट हवेत मेणासारखी चिकट साय येते, ती पुसल्याशिवाय वरचा थर धरत नाही, हेही तेव्हाच कळलं. गाभा मग कोरड्या थंडीत आकसला आणि कडेजवळ केसाएवढी भेग पडली. दुसऱ्या वेळी गाभे प्लायच्या बंद पेटीत, आत दिवसरात्र दोन बल्ब लावून तीन आठवडे ठेवले. मीटरवर नऊ टक्के आल्यावरच बाहेर काढले, आणि दाबण्याचं काम डिसेंबरात घेतलं.

इपॉक्सीवरून बाबांचं आणि माझं बरंच झालं. आमच्याकडे सगळं काम पॉलिएस्टर रेझिनवर चालतं. त्यात हार्डनर एक-दोन टक्के, तोही झाकणाने अंदाजे. घाई असली की कारीगर थोडा जास्त ओततात आणि माल लवकर सुटतो. इपॉक्सीत हे चालत नाही. तिथे हार्डनर हा त्या पदार्थाचाच अर्धा हात असतो. जास्त घातला तर माल लवकर नव्हे, कच्चा सुटतो. मी सोनाराकडचा असावा तसा काटा आणला आणि प्रत्येक घाणा वजनाने केला. बाबा बघत राहिले. पण कापडातली हवा रोलरने कशी काढायची, रेझिन कुठे साचतंय हे उजेडात तिरकं बघून कसं ओळखायचं, हे त्यांनीच हात धरून दाखवलं. बोर्डात आज एकही बुडबुडा नाही तो त्यांच्यामुळे.

प्रेस घरचीच. वर-खाली लोखंडी गर्डरची चौकट, मधे साचा आणि अग्निशमनाची चपटी होज. होजमध्ये हवा भरली की ती फुगून साचा दाबते. 3 किलो प्रति चौरस सें.मी. एवढा दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण बोर्डाच्या सगळ्या क्षेत्रफळावर तो जवळजवळ 14 टन होतो. "भरलेला ट्रक आतून ढकलतोय त्या वेल्डिंगला," बाबा म्हणाले, आणि बोर्ड घालण्याआधी रिकामी प्रेस दुप्पट वेळ दाबाखाली ठेवायला लावली, सगळ्यांना गाळ्याबाहेर उभं करून. एका कोपऱ्यातली वेल्ड खरंच किंचित उघडली. फॅब्रिकेटरला बोलावून तिथे गसेट, म्हणजे आधाराचे तिकोनी पत्रे, मारले.

बेसची, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या तळाची, शीट हा दुसरा धडा. पहिल्या वेळी मी ती एका विक्रेत्याकडून घेतली, कन्व्हेयरच्या अस्तरासाठी येते ती. प्लास्टिक तेच, अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन, पण त्याला कुठलाच गोंद धरत नाही. शेपटाकडून ती पापडासारखी सुटली. स्कीच्या बेसची मागची बाजू ज्योतीने भाजून आणि घासून तयार केलेली असते. दुसऱ्या वेळी मी गॅसच्या टॉर्चने शीट भाजली आणि पाणी शिंपडून बघितलं. थेंब गोळे होऊन राहिले तर भाजणं अपुरं, पसरून पातळ पापुद्रा झाला तर तयार. पोलादी कडा मात्र बाहेरून मागवाव्या लागल्या. कडेला चिकटून जाणारी पातळ रबराची पट्टी ब्लेडने कापून घातली. थरथर कमी करायचं अर्धं काम ती करते.

साच्यात कमान, म्हणजे बोर्ड मधोमध वर उचललेला राहतो ती उंची, 9 मि.मी. दिली होती. 80 अंशांवर दाबून, थंड करून काढल्यावर बोर्डात 6 राहिली, कारण प्रत्येक थर तापल्यावर वेगळा फुगतो आणि निवताना वेगळा आकसतो. मला सहाच हवी होती. पहिल्या बोर्डाच्या वहीतल्या नोंदींवरून तीन जास्त धरली होती. पिळ मोजला: 6.2 अंश. लांबी 162 सें.मी.

फेब्रुवारीत पुन्हा कोंगडोरी. पहिल्या उतरणीत मी मुद्दाम काही केलं नाही, फक्त घोट्याने पुढचा भाग पिळून बघितला. बोर्डाचं नाक वळलं आणि बाकीचा बोर्ड मागून आला. मग टाचेकडे. कललो, आणि वाट बघत राहिलो त्या धक्क्याची. तो आला नाही. कड धरून राहिली, वळण आवळत गेलं, आणि मी उताराला आडवा होऊन पुन्हा थोडा चढाकडे वळलो तेव्हा वेग आपोआप उतरला होता. थांबून मागे बघितलं तर टाचेच्या वळणाची खाच बोटांच्या वळणापेक्षा थोडी रुंद होती, शेवटच्या तिसऱ्या भागात किंचित फरपट. तेवढं राहिलंय. शेपटाकडचा टायटॅनलचा तुकडा बहुधा आणखी 4–5 सें.मी. पुढे यायला हवा.

चौथ्या दिवशी तिथल्या एका प्रशिक्षकाने बोर्ड मागितला. अनेक हिवाळे मी त्याच्याकडे बघत शिकलोय, माझ्याहून कितीतरी सरस चालवतो. दोन फेऱ्या मारून आला आणि बाइंडिंग सोडता सोडता म्हणाला, "भाईसाब, धरतो छान, पण उठायला आळशी आहे." हे त्याने अर्थात हिंदीत सांगितलं. मी त्याचे बूट बघितले. बाहेरून 28 सें.मी. 21 अंशांत ते 27.2 घेतात, 274 च्या बोर्डावर त्याची बोटं आणि टाच दोन्ही कडेच्या आतच राहतात. कडेवर वजन येण्याआधी त्याला सगळा बोर्ड पोटरीने उचलावा लागत होता.

निघायच्या आदल्या रात्री त्याच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलं, त्याला त्याच्या नेहमीच्या उभ्या राहायच्या कोनात उभं केलं आणि दोन्ही बुटांभोवती पेन्सिल फिरवली. ते वर्तमानपत्र आता गाळ्यातल्या भिंतीवर टाचलंय. त्याच्या हिशेबाने कंबर 239 येते. सुतारकाकांनी माणग्याच्या पट्ट्या चिरून ठेवल्यात, पेटीतला बल्ब चालू आहे, मीटर अकरा दाखवतोय.